कराराचं कडं

मी एक पोलादी कडं. हातात घालायचं नव्हे, दाराला लावायचंही नव्हे. तळहातावर मावेल एवढा माझा घेर, बोटभर जाडी आणि मधोमध एक गोल भोक. खरं सांगायचं तर ते भोक म्हणजेच मी. बाकीचं पोलाद त्याला धरून ठेवण्यापुरतं आहे. चोवीस मिलिमीटर, ना कणभर कमी ना कणभर जास्त, एवढीच माझी लायकी आणि एवढीच माझी कमाई.

या भोकावर विसंबून दोन देशांतल्या दोन कंपन्यांनी अकरा वर्षं एकमेकींशी संसार केला. आठवलं की अजूनही मी थक्क होतो.

माझा जन्म हत्यारं-मापं घडवणाऱ्या एका टूलरूममध्ये झाला. ज्या कारागिरानं मला घडवलं तो फार कमी बोलायचा. त्यानं मला भट्टीत लाल केलं, तेलात बुडवलं, मग हाडं गोठतील अशा थंडीत ठेवलं आणि शेवटी आठ महिने एका फळीवर नुसतं पडू दिलं. कुणी विचारलं, हे अजून का पडलंय, तर म्हणायचा, "त्याचा जीव थाऱ्यावर यायचाय." पोलादालाही शांत व्हायला वेळ लागतो हे त्याला ठाऊक होतं. मग त्यानं मला घासलं, मोजलं, पुन्हा घासलं. शेवटचे चार दिवस तो दिवसाकाठी एखादा मायक्रॉन काढायचा. तुमच्या डोक्यावरच्या एका केसाचे उभे सत्तर काप केलेत तर त्यातला एक काप म्हणजे मायक्रॉन. ज्या दिवशी तो थांबला त्या दिवशी त्यानं हात धुतले आणि मला कापडात गुंडाळताना एखादं तान्हं मूल दुसऱ्याच्या हाती द्यावं तसं दिलं.

तान्ह्या मुलांचाच तो प्रश्न होता. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना श्वास देणारं एक यंत्र बनवायचं होतं. यंत्राचा आराखडा सीमेपलीकडच्या कंपनीचा, त्याच्या काळजातली झडप बनवायचं काम आमच्याकडचं. झडपेत एक दट्ट्या सरकतो. दट्ट्या तिकडे बनायचा, तो ज्या घरात सरकतो ते घर इकडे बनायचं. घर सैल झालं तर हवा गळते, आवळ झालं तर दट्ट्या अडकतो. दोन कारखाने, दोन भाषा, मध्ये दोन सीमा आणि एक समुद्र. इथे केलेल्या भोकात तिथे केलेला दट्ट्या बसायचा होता आणि श्वास एका मुठीएवढ्या जिवाचा होता.

तर मग खरं माप कुणाचं? तुमचं यंत्र चुकतंय, असं ते म्हणणार. चुकतंय ते तुमचंच, असं आम्ही. वकिलांनी बेचाळीस पानांचा करार लिहिला. आराखड्याची मालकी कुणाची, तो कोण बघणार, काम करताना कुणाला नवी युक्ती सुचली तर ती कुणाची, भांडण झालं तर कुठे मिटवायचं, सगळं त्यात होतं. आराखड्याच्या कपाटाला दोन किल्ल्या होत्या. एक आमच्या साहेबांकडे आणि दुसरी तिकडून येऊन इथे राहणाऱ्या इंजिनिअरकडे. दोघं हजर असल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. वर दोघादोघांची संयुक्त समिती, अध्यक्षपद एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. आणि नवव्या कलमात मी होतो. वाद झाल्यास मास्टर कड्याचं माप अंतिम मानण्यात येईल.

सह्यांच्या दिवशी ते कलम दोन भाषांत मोठ्यानं वाचलं गेलं. टेबलाभोवती बसलेली एवढी मोठमोठी माणसं माझ्याकडे बघत होती. एकमेकांवर विश्वास ठेवायला ती अजून तयार नव्हती, पण माझ्यावर ठेवायला तयार होती. मला वाटलं, आपण चुकून चालणार नाही.

माझं घर म्हणजे तपासणीच्या खोलीतलं एक काचेचं कपाट. खोली बारा महिने वीस अंशांवर. उन्हाळ्यात लोक काहीतरी निमित्त काढून आत येत, थंडीत कुणी फिरकत नसे. खोलीची मालकीण होती तपासनीस. तिला सगळा कारखाना ताई म्हणायचा, कारण तिचा सख्खा धाकटा भाऊ तिथेच मशीनवर होता. त्यानं पहिल्या दिवशी शॉपफ्लोअरवरून "ताई, डबा विसरलीस" अशी हाक मारली आणि ते नाव तिला कायमचं चिकटलं. पन्नाशीचे साहेबसुद्धा तिला ताईच म्हणायचे.

ताई रोज सकाळी हातमोजे चढवून मला बाहेर काढायची. भोकाचं माप घेणारं जे यंत्र होतं, त्याचे पाय माझ्यात घालून काटा शून्यावर आणायची आणि मग त्या यंत्रानं दिवसभर झडपांची घरं मोजायची. म्हणजे झडप मोजायची ती यंत्रानं, पण यंत्राला शिकवायचं मी. माझ्यात जर खोट असेल तर ती हजार झडपांत उतरणार.

दर सहा महिन्यांनी मी प्रवासाला निघायचो. तेलाच्या कागदात गुंडाळलेला, ओल शोषणारी पुडी उशाला, लाकडी पेटीत बंद. सीमेपलीकडे माझी वाट बघत असायचा तिकडचा तपासनीस. पांढऱ्या मिशांचा, जाड भिंगांच्या चष्म्याचा, मान जरा वाकलेला. तो मला एक दिवस नुसता खोलीत ठेवायचा, प्रवासाचा शीण जाऊ द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी मोजायचा. मग पेटीत एक चिठ्ठी ठेवायचा. तारीख, तापमान, माप, सही. परत आलो की ताई तिच्या चिठ्ठीत तेच चार रकाने भरायची. बस्स. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

पण अकरा वर्षं चिठ्ठ्या चालल्या की आकड्यांनाही आवाज फुटतो. तो सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ मारायचा. पुढे ताईच्या सातालाही तशी रेघ आली. एकदा त्याचे आकडे थरथरलेले आले. ताई भावाला म्हणाली होती, लिहिणारा आजारी दिसतोय. पुढच्या वेळी आकडे सरळ आले तेव्हा तिनं चिठ्ठी खालीवर करून दोनदा पाहिली आणि मगच फाइलला लावली. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

नवव्या वर्षी माझी पेटी सीमेवर अडकली. कस्टमच्या अधिकाऱ्याला कागदावरचं वर्णन पटेना. साधं लोखंडी कडं, आणि त्याच्याबरोबर एवढे शिक्के कसले? यात काहीतरी दडवलंय, असं त्याचं म्हणणं. त्यानं मला उलटंसुलटं केलं, भोकातून खिडकीकडे बघितलं, आणि पेटी नीट न लावता एका दमट गोदामात टाकली. तीन आठवडे मी तिथे होतो. मी सुटलो तेव्हा माझ्या आतल्या अंगाला गंजाचा एक डाग पडला होता, नखाएवढा.

म्हाताऱ्यानं पेटी उघडली आणि डाग पाहिला.  करारात लिहिलं होतं की गंज आढळल्यास दोष पेटी बांधणाऱ्याचा, आणि बांधणाऱ्याच्या कागदावर ताईची सही होती. मग त्यानं दार लावून घेतलं, कापडावर पॉलिशची पेस्ट घेतली आणि डाग पुसायला लागला. किती हळुवार हात होता त्याचा. नुसता डाग पुसला तर तेवढ्याच जागी खळगा पडेल, म्हणून त्यानं मला आतून सगळीकडे सारखं पुसलं. गोलाईला धक्का लागू दिला नाही. पण डागाबरोबर पोलादही गेलं. त्यानं मोजलं. दोन मायक्रॉन. मी तेवढा मोठा झालो होतो.

चिठ्ठीवर त्यानं जुनाच आकडा लिहिला.

मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड नाही, नुसतं भोक आहे. ताईनं चिठ्ठीवर विश्वास ठेवला आणि माझ्यावरही; तिचं यंत्र माझ्यावरूनच शून्यावर यायचं, त्यामुळे माझ्यातला फरक त्याला दिसणार नव्हता. दुसऱ्या दिवसापासून इकडची झडपांची घरं दोन मायक्रॉन सैल बनू लागली.

दोन मायक्रॉननं लगेच काही कोसळत नाही. पण तिकडे यंत्रं जोडताना हवेची गळती तपासत, त्यात आधी हजारात दोन झडपा नापास व्हायच्या, आता नऊ व्हायला लागल्या. तक्रारी आल्या. समितीच्या बैठका तापल्या. तिकडचे म्हणायचे, तुमची घरं सैल आहेत. आमचे साहेब शांतपणे म्हणायचे, नववं कलम वाचा, कड्यावर मोजा. कड्यावर मोजलं की आमची घरं अगदी बरोबर. दोन वर्षं आम्ही प्रत्येक वाद जिंकला आणि प्रत्येक वेळी माझ्या जोरावर. साहेब काचेच्या कपाटावरून हात फिरवायचे तेव्हा मला लाज वाटायची.

आणि तिकडे म्हातारा गप्प होता, दर सहा महिन्यांनी मला मोजून चिठ्ठीवर जुनाच आकडा लिहीत होता. पहिल्यांदा त्याला वाटलं असेल, दोन मायक्रॉन मर्यादेत खपून जातील. मग वाटलं असेल, आता बोललो तर इतके दिवस का नाही, हे विचारतील. एका दिवसाचं मौन सोडवायला सोपं असतं. दोन वर्षांचं झालं की त्याला गाठी पडतात.

अकराव्या वर्षी करार संपत आला. नव्यानं करायचा की नाही हे ठरवायला बारा दिवसांनी समिती बसणार होती. त्या दिवशी दुपारी ताई एकटीच खोलीत होती. नवे हातमोजे आले होते, खरेदी खात्यानं एक माप मोठे मागवलेले. बोटांची टोकं तिच्या बोटांपुढे लोंबत होती. तिनं मला उचललं, हातमोजा दुमडला, आणि मी सटकलो.

खाली रबराची चटई होती. मी चटईच्या काठावर आपटून फरशीवर गेलो. आवाज फार झाला नाही.

ताईनं मला उचललं आणि भिंगाखाली धरलं. भोकाच्या काठावर सुईच्या टोकाएवढी खोक पडली होती. ती स्टुलावर बसली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, काचेला पडदा होता. खोक बारीक दगडानं घासली असती तर वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नसतं. तिनं हातमोजे काढले, रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: वेळ तीन वीस, मास्टर कडं माझ्या हातून पडलं. सही केली. मग साहेबांना फोन लावला.

साहेब आले. हा माणूस वाईट नव्हता. सहा जणांवर सुरू केलेलं झडपांचं खातं त्यानं साठ जणांपर्यंत आणलं होतं, आणि त्या साठांतल्या प्रत्येकाच्या घरची माणसं त्याला ठाऊक होती. त्यांनी रजिस्टर वाचलं, पुन्हा वाचलं. करारात आणखी एक कलम होतं: कड्याबद्दल शंका आली की दोन्हीकडचं काम त्याच क्षणी थांबवायचं. तेही ऐन नूतनीकरणाच्या तोंडावर.

ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, पडलं हे नाकारू नका. फक्त ते बारा दिवसांनी पडू द्या."

ताई म्हणाली, "साहेब, ते आज पडलंय. बारा दिवसांनी पडणारं कडं माझ्याकडे नाही."

साहेब खिडकीशी गेले. पाण्याची बाटली उघडली, पाणी न पिता बंद केली. मग वळून म्हणाले की तिकडे पत्र तुम्ही लिहा, आणि तुमच्या सहीखाली माझ्या सहीला जागा सोडा.

त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, दोन कंपन्यांमधला विश्वास माझ्यासारख्या पोलादात असतो. त्या दुपारी मला माझी जागा कळली.

काम थांबलं. साठ माणसं मशीन पुसून बसून राहिली. तिसऱ्या दिवशी ताईचा भाऊ तपासणीच्या खोलीत आला. तो एरवी दारातून "ताई, आत येऊ का" विचारायचा, त्या दिवशी विचारलं नाही. झडपेचं घर घासायच्या दगडाचा कोन बदलायची युक्ती त्याची होती. समितीनं ती दोन्ही कंपन्यांच्या नावे नोंदवली होती आणि तिसरं नाव म्हणून त्याचं लिहिलं होतं. तो कागद त्यानं घरी चौकटीत लावला होता. आता लोक त्यालाच टोमणे मारत होते. कॅन्टीनमध्ये ताईच्या टेबलावर कुणी बसत नव्हतं.

तो म्हणाला, "ताई, कडं तर काही बोलत नव्हतं. तू कशाला बोललीस?"

"ते बोलू शकत नाही, म्हणूनच मला तिथे ठेवलंय," ती म्हणाली.

 जाताना त्यानं जमिनीवरची रबराची चटई पायानं सरळ केली.

मला तिसऱ्याच एका देशातल्या मापनशाळेत पाठवलं. तिथे राखाडी कोट घातलेली एक बाई तीन दिवस मला मोजत होती. ती गुणगुणायची, पण आकडा वाचताना श्वास रोखायची. तिनं अहवालात दोन गोष्टी लिहिल्या. एक, काठावर एका जागी खोक आहे आणि तिथे गोलाई बिघडली आहे. दोन, संपूर्ण भोक सगळीकडून सारखंच दोन मायक्रॉन मोठं आहे. हे कधी झालं, ते तिनं लिहिलं नाही. पोलाद तारीख सांगत नाही.

समिती त्या मापनशाळेच्याच दालनात बसली. लांब टेबल, एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ते, दोन टोकांना दोन दुभाषी. मी मधे, निळ्या कापडावर. त्या वर्षी अध्यक्षपद तिकडच्या एका बाईंकडे होतं. त्यांचा चेहरा असा की त्यावर काही लिहिलेलं असलं तरी वाचता येऊ नये. ताईला साक्षीला बोलावलं होतं, म्हाताऱ्यालाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती दोघं एका खोलीत आली. ताईनं त्याला चेहऱ्यावरून ओळखणं शक्य नव्हतं. हजेरीच्या कागदावर त्यानं तारीख घातली, सातावर आडवी रेघ मारली, तेव्हा तिनं मान वर करून पाहिलं.

वकिलांना अहवाल सोयीचा वाटला. कडं पडलं, पडल्यानं मोठं झालं, म्हणून झडपा सैल आल्या. म्हणजे दोष एका बाईच्या हाताचा. तक्रारी कडं पडण्याच्या दोन वर्षं आधीपासूनच्या होत्या, पण त्याचंही उत्तर तयार होतं: याआधीही पडलं असेल, सांगितलं नसेल. कडं तिकडे न्यावं, बाईंना त्या कामावरून काढावं आणि करार पुढे चालू करावा. सगळ्यांचं भागत होतं. आमच्या बाजूचा वकीलसुद्धा मान डोलावत होता. साहेब काही बोलायला उठले तर त्यानं त्यांचा कोट धरून खाली बसवलं.

ताई ताठ बसली होती. एवढंच म्हणाली की एकदाच पडलं आणि ते मी लिहिलं. दुभाषीनं ते सांगितलं. कुणी टिपून घेतलं नाही.

मी म्हाताऱ्याकडे बघत होतो. दोन महिन्यांनी तो निवृत्त होणार होता. त्याला काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. ताईच्या खरेपणानं त्याच्या अंगावर आयतं पांघरूण घातलं होतं आणि ते ओढून घ्यायलाही हात हलवावा लागणार नव्हता.

तो उठला. टेबलाला धरून चालत माझ्यापर्यंत आला. त्याच्या भाषेत एक लहानसं वाक्य बोलला. दुभाषी बाईनं पेन खाली ठेवलं. अध्यक्षबाईंनी तिच्याकडे पाहिलं, तेव्हा ती म्हणाली, "ते म्हणताहेत, दोन मायक्रॉन माझे आहेत."

मग त्यानं सगळं सांगितलं. गंज, पेस्ट, बंद दार, चिठ्ठीवरचा खोटा आकडा. पडल्यानं भोक सगळीकडून सारखं मोठं होत नाही, ते एका बाजूला दबतं, हे त्यानं बोटांनी हवेत काढून दाखवलं. शेवटी त्यानं खोकेकडे बोट केलं. बाईंचं एवढंच, म्हणाला. बाकीचं माझं.

 ताईनं दुभाषीकरवी विचारलं की तुम्ही तेव्हाच का लिहिलं नाही. त्यानं सांगितलं की पेटीच्या कागदावर तुमची सही होती, तुमच्यावर आलं असतं.

ताईनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. मग म्हणाली, "ती सही मी माझ्यावर यावं म्हणूनच केली होती."

ती रागावली नव्हती. पण तिनं त्याला सूटही दिली नाही. म्हाताऱ्यानं भाषांतर ऐकलं आणि मान खाली घातली. तेव्हा ताई उठली आणि आपली खुर्ची ओढून त्याच्याजवळ नेली, कारण तो अजून टेबलाला धरूनच उभा होता हे तिच्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो बसला. ती त्याच्या शेजारी उभी राहिली, टेबलाच्या त्यांच्या बाजूला.

अध्यक्षबाईंनी वकिलाला विचारलं की आपल्या करारात स्वतःची चूक स्वतः सांगणाऱ्याला काय मिळतं. वकिलानं पानं उलटली. म्हणाला, कामावरून दूर करण्याची तरतूद आहे. मग त्यांनी विचारलं, आणि लपवणाऱ्याला? वकील म्हणाला, सापडला तर तेच. त्या म्हणाल्या, आणि नाही सापडला तर? वकिलानं फाइल मिटली.

पुढचे दोन दिवस त्या टेबलावर जे चाललं ते मी जन्मभर विसरणार नाही. वकील भांडले, साहेब भांडले, एकदा तर दोन्ही दुभाषी एकमेकींशी भांडल्या, एका शब्दावरून. पण शेवटी नवा करार झाला. त्यात एकच कडं अंतिम नव्हतं. तीन कडी असतील, एक इकडे, एक तिकडे, एक मापनशाळेत, आणि वर्षातून दोनदा तिघांना शेजारी ठेवून मोजलं जाईल. पेटी बांधणाऱ्याच्या नावाऐवजी दोन्ही कंपन्यांची जबाबदारी. आणि एक नवं कलम: आपल्या हातून झालेली चूक जो एका दिवसाच्या आत सांगेल, त्याला त्या चुकीसाठी शिक्षा होणार नाही, आणि त्याचं नाव दुसऱ्या बाजूनं आदरानं घ्यायचं. "आदरानं" या शब्दावरच दुभाषी भांडल्या होत्या. तिकडच्या भाषेत तो करारात घालायला शब्दच नव्हता म्हणे. शेवटी त्यांनी आपलाच शब्द त्यांच्या लिपीत लिहून घेतला.

सगळं गोड झालं असं नाही. दोन वर्षांत गेलेल्या सगळ्या झडपा यंत्रांतून काढून बदलाव्या लागल्या. कुठल्या बाळाचा श्वास चुकला नव्हता, यंत्रांच्या गजरांनी आपलं काम केलं होतं. पण प्रत्येक दवाखान्याला पत्र गेलं आणि प्रत्येक पत्रात खरं कारण लिहिलं होतं. नऊ आठवडे काम बंद राहिलं. साठांतली सात माणसं दुसरीकडे गेली, परत आली नाहीत. म्हाताऱ्याला शेवटचे दोन महिने मोजमाप करू दिलं नाही. तो खोलीत बसून नव्या लोकांना शिकवत राहिला, आणि पहिल्याच दिवशी आपली ही गोष्ट त्यानं स्वतः सांगितली, असं इथे राहणाऱ्या तिकडच्या इंजिनिअरनं तिकडे जाऊन आल्यावर सांगितलं. कॅन्टीनमध्ये ताईच्या टेबलावर आता माणसं बसतात. सगळी नाही.

आणि मी? माझ्या अंगावर विजेच्या लेखणीनं "रद्द" असा शब्द कोरला आहे. मी कोणाचाही मास्टर नाही. मला वाटलं होतं, वितळवतील. पण समितीनं ठराव केला की मला ठेवायचं. आता सहा महिने मी इकडच्या शिकवणीच्या खोलीत असतो, सहा महिने तिकडच्या. दोन्ही देशांत जो कुणी नवा तपासनीस होतो त्याला पहिल्या दिवशी मी दिला जातो, माझ्याबरोबर ती जुनी चिठ्ठी, चोवीस अचूक असं लिहिलेली, आणि एक कोरा कागद. काय दिसतंय ते लिहा, एवढंच सांगतात.

बहुतेक जण पहिल्यांदा चोवीसच लिहितात. त्यांच्या यंत्राचा काटा दोन मायक्रॉन पुढे जाऊन थांबलेला असतो. त्यांना दिसतो. पण चिठ्ठीवर मोठ्या माणसाची सही आहे, शिक्का आहे, म्हणून त्यांना वाटतं की चूक आपल्याच डोळ्यांची. मी त्यांच्या हातात असतो. त्यांच्या बोटांची ऊब मला कळते. कुणी चिठ्ठीकडे बघतं, कुणी काट्याकडे, मग पुन्हा चिठ्ठीकडे. आणि एखादीच, एखादाच कोऱ्या कागदावर जे दिसलं तेच लिहितो.

तुमच्याही पुढ्यात कधी माझ्यासारखं काही येईल. शिक्क्याचं, सहीचं, शेवटचा शब्द म्हणून ठेवलेलं. त्याला मान जरूर द्या. पण मोजा. आणि तुमच्या हातून ते पडलं, तर ज्या दिवशी पडलं त्याच दिवशी सांगा.